वनमालेच्या बुटांचं प्रस्थान

अकरा शर्यती माझ्या बायकोने एकटीने उरकल्या. बाराव्या शर्यतीच्या तयारीला आम्ही सगळे लागलो, आणि ती हातची जाते की काय अशी वेळ आली. हे मी स्वतःच सांगतोय, कारण ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या आमच्या खासगी बाजार मोहल्ल्यात ही हकीकत माझ्याशिवाय आणखी चार-पाच जण सांगतात आणि प्रत्येकाच्या तोंडी मी थोडा थोडा जास्त मूर्ख होत जातो.

वनमाला मुलींच्या शाळेत गणित शिकवते. निवृत्ती दाराशी आली आहे. या वयात बायका गुडघ्याला तेल चोळतात, हिने धावायला सुरुवात केली. धावणाऱ्या मंडळींचा कसलासा उपक्रम होता: दर महिन्याला एका नव्या गावात जाऊन एकवीस किलोमीटर धावायचं, असं वर्षभर, आणि शेवटची शर्यत परदेशात. मधला एक महिना जरी चुकला तरी आधीचं सगळं रद्द. गणिताच्या बाईला असले निष्ठुर नियम मनापासून आवडतात. एक छोटी बॅग घेऊन ही गाडीत बसायची, कुठल्या तरी गावात धावायची आणि सोमवारी परत शाळेत फळ्यासमोर उभी. पदकं मिळायची ती स्वयंपाकघरातल्या खणात, कुकरच्या जुन्या शिट्ट्यांशेजारी पडायची.

एकदा चहा पिताना मी विचारलं, "पण हे सगळं कशासाठी?"

ती म्हणाली, "अहो, आयुष्यात किती गोष्टी अर्ध्यावर सोडल्या. गाणं सोडलं, पीएच.डी. सोडली, तो स्वेटर सोडला. ही एक पुरी करायची आहे. पुढच्या वर्षी गुडघे काय म्हणतील कोणास ठाऊक."

स्वेटर माझा होता. त्याला एकच बाही आहे. त्यामुळे मुद्दा मला चटकन पटला.

बारावी शर्यत व्हिएतनाममधल्या दालात नावाच्या डोंगरातल्या गावी होती. परदेश म्हटल्यावर घरात एक पुरुष माणूसही राहतो याची कोणाला तरी आठवण व्हायला हवी, असं मला वाटलं. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालोय. नदीला पूर आला तरी माझ्या टेबलावरची फाईल कधी भिजली नाही. तेव्हा मी जाहीर केलं की तयारीची व्यवस्था मी बघणार. मी तिच्याबरोबर जाणार मात्र नव्हतो, कारण विमानात माझे कान दुखतात. म्हणजे दुखतील असं माझं मत आहे; अजून बसण्याचा योग आलेला नाही.

पहिली अडचण पासपोर्टची. चौकशीला एक हवालदार घरी आले. मी त्यांना चहा-चिवडा दिला आणि कागद पुढे ठेवले.

"मैडम कहाँ जा रही हैं?"

"व्हिएतनाम."

"किसलिए?"

"दौड़ने," मी म्हणालो.

हवालदारांनी चिवड्याची बशी खाली ठेवली. वनमालेकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणून तिला विचारलं, "मैडम, घर में सब ठीक तो है ना?"

बरं, ओळख पटवायला शेजारी हवे होते म्हणून मी जयसिंहरावांना बोलावलं, ती माझी चूक. जयसिंहराव आमच्या समोरच्या घरात राहतात. त्यांचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर दख्खनेतून आले, आमचेही आले, पण त्यांचे घोड्यावरून आले आणि आमचे बहुधा सामानाबरोबर, असं ते सुचवत असतात. हवालदारांनी एवढंच विचारलं की आप इनको कब से जानते हैं. जयसिंहराव अडीचशे वर्षांपासून सुरू झाले. हवालदार सही घेऊन निसटले तेव्हा स्वारी कुठे चंबळ उतरत होती.

ते गेल्यावर जयसिंहरावांनी मला बाजूला घेतलं. "बळवंतराव, एक सांगतो, राग मानू नका. वहिनी पळतात असं चारचौघांत म्हणत जाऊ नका. आपल्या लोकांत पळणं हा शब्द बरा दिसत नाही. पानिपतानंतर तर मुळीच नाही."

"मग काय म्हणू?"

"दौड म्हणा. दौड घोडदळाची असते."

तेव्हापासून आमच्या घरात दौड सुरू झाली. वनमाला मात्र खुशाल म्हणायची, "मी जरा पळून येते."

दालातला चढ-उतार फार, म्हणून तिने सराव किल्ल्याच्या चढावर ठेवला होता. व्यवस्थापक या नात्याने मीही निघालो. ती पुढे धावणार, मी स्कूटरवरून मागे, पाणी, केळी आणि उन्हासाठी छत्री घेऊन. थंडीचे दिवस होते, तरी छत्री घेतलीच. तयारी म्हणजे तयारी. उरवाई गेटच्या चढावर स्कूटरने दोन आचके दिले आणि ती बसली. मी किक मारतोय, वनमाला दिसेनाशी झाली. जरा वेळाने वरून उतरत आली, थेट स्कूटरच्या मागे गेली आणि ढकलायला लागली. मी हँडल धरून बसलेला. मी उतरतो म्हटलं तर म्हणाली, "बसा हो, वजनाने सराव चांगला होतो."

सकाळी फिरायला आलेल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या कोणासाठी होत्या हे मला समजत नव्हतं असं नाही. संध्याकाळी जयसिंहरावांनी गॅलरीतून हाक मारली, "ऐकलं, वहिनींनी किल्ला घेतला म्हणे, आणि तुम्हाला कैद करून वर नेलं?" त्यानंतर मी सरावाला गेलो नाही. सराव सुधारला, असं ती म्हणाली.

आमची मुलगी उन्नती. ग्वाल्हेरच्या पोरांची मराठी दुसऱ्या वाक्याला हिंदीत शिरते, तशीच हिची. तिने आईसाठी झकपक नवे बूट आणले. "आई, हे बघ, एकदम हल्के हैं! तुझे ते जुने तर फेंकने लायक झालेत."

वनमालेने बुटांवरून हात फिरवला, कौतुक केलं आणि बाजूला ठेवले. "छान आहेत गं. पण शर्यतीला नवे बूट घालणं म्हणजे परीक्षेला दुसऱ्याचा चष्मा लावून बसणं. पहिल्या पाच किलोमीटरात पाय सोलून निघतील. माझे जुनेच बरे, त्यांना माझी बोटं पाठ आहेत."

ते जुने बूट म्हणजे काय वर्णावे. मूळचा रंग निळा असावा. एका अंगठ्याशी भोक पडत आलेलं. पण अकरा शर्यती त्यांनीच काढल्या होत्या.

आता खरं प्रकरण. निघायचा दिवस शनिवार होता. हे आमच्या गल्लीतल्या शालिनीताईंना कळलं. शालिनीताईंचे आजेसासरे दरबारात पंचांग सांगायचे, त्यामुळे गल्लीत कोणाचं बिऱ्हाड हललं, कोणाचा दात काढायचा असला, तरी त्यांना विचारल्याशिवाय होत नाही. त्यांनी कपाळाला हात लावला.

"शनिवारी पूर्वेला दिशाशूल! त्या दिवशी त्या दिशेला पाऊल टाकत नाहीत. भाऊजी, तुम्ही असताना असं तिकीट काढलंच कसं?"

"ती आधी दिल्लीला जाणार," मी म्हणालो. "दिल्ली उत्तरेला आहे."

"तांगा कुठे वळतो ते बघायचं नसतं, माणूस कुठे उतरतं ते बघतात."

तिकीट बदलणं शक्य नव्हतं. मग शालिनीताईंनी तोड काढली: प्रस्थान. तरुण वाचकांसाठी सांगतो, निघायच्या दिवशी मुहूर्त नसला तर आपली एखादी वस्तू आधीच, चांगल्या वेळी, घराबाहेर काढून जायच्या दिशेच्या एखाद्या घरी ठेवायची. म्हणजे आपण निघालो असं धरतात. मग निघताना ती वस्तू उचलायची आणि जायचं. एकदा बाहेर पडलेलं प्रस्थान मात्र घरात परत आणायचं नाही. शालिनीताईंचं घर आमच्या पूर्वेला. मुहूर्त त्याच दिवशी, बुधवारी सकाळी. सगळं जमत होतं. मी म्हटलं, तिची एखादी साडी देतो.

"साडी?" जयसिंहराव ताडकन उठले. ते माझ्याच घरी बसले होते, ते साधारणपणे तिथेच बसलेले असतात. "क्षत्रियाचं प्रस्थान साडीचं? आमच्या पणजोबांची तलवार जायची! शास्त्रात आहे, विचारा ताईंना. क्षत्रियाने शस्त्र ठेवायचं."

शालिनीताईंनी मान हलवली. शास्त्रात होतं.

"वनमालेकडे शस्त्र नाही," मी म्हणालो. "विळी आहे."

जयसिंहराव येरझारा घालू लागले. मग थांबले. "बळवंतराव, दौडणाऱ्याचं शस्त्र कोणतं?"

आम्ही तिघांनीही एकदम दाराशी ठेवलेल्या बुटांकडे पाहिलं. खरं सांगतो, त्या क्षणी मला ही कल्पना अतिशय थोर वाटली. वनमाला शाळेत होती. मुहूर्त टळत होता. आम्ही बुटांना हळद-कुंकू लावलं, सुपारी आणि अक्षता घालून लाल कापडात बांधलं, आणि जयसिंहरावांनी ते दोन्ही हातांवर तोलून गल्ली ओलांडली. मागे मी.

संध्याकाळी वनमाला आली, कपडे बदलले, दाराशी गेली. "अहो, माझे बूट?"

मी सगळं नीट, शास्त्राधारासकट सांगितलं. ती भिंतीला टेकून उभी राहिली. चिडलेली गणिताची बाई ओरडत नाही. ती फक्त बघत राहते, आणि आपलं उत्तर चुकलंय हे आपल्यालाच कळतं.

"परत आणता येणार नाहीत?"

"शालिनीताई म्हणतात, मोडलं तर अपशकुन."

"शनिवारी सकाळी मिळतील?"

"मिळतील म्हणजे काय! माझी जबाबदारी."

"मग ठीक आहे," ती म्हणाली आणि वह्या तपासायला बसली. मला त्या शांतपणाचं फार कौतुक वाटलं. त्याहून जास्त भीती वाटली.

शुक्रवारी दुपारी मी शालिनीताईंकडे सहज डोकावलो. आदल्या दिवशी त्यांच्याकडे तुळशीचं लग्न झालं होतं. अंगण सारवल्यासारखं लख्ख. लाल कापड आणि सुपारी देवघरात होती. बूट नव्हते.

"बूट देवघरात कसे ठेवणार, भाऊजी?" शालिनीताई म्हणाल्या. "चामडं-बिमडं असेल. ते मी पिशवीत घालून मोरीजवळच्या कोपऱ्यात ठेवलेत."

कोपऱ्यात पिशवी नव्हती. शालिनीताईंनी आपल्या सूनबाईंना हाक मारली. सूनबाई उत्साहाने बाहेर आल्या, हातात नवी कोरी स्टीलची परात. "ते भोकाचे बूट ना? लग्नाची सफाई चालली होती, बर्तनवाली आली. दोन जुन्या साड्या आणि ते बूट दिले, बघा केवढी परात आली!"

मी परातीत पाहिलं. माझं तोंड त्यात आडवं-तिडवं दिसत होतं, आणि ते खरं दिसत होतं त्यापेक्षा बरंच होतं.

शालिनीताई आधी पांढऱ्या पडल्या, मग सावरल्या. "याचा अर्थ प्रस्थान पुढे गेलं. हे शुभच आहे."

"कुठे पुढे गेलं?"

"ते शास्त्रात नाही," त्या म्हणाल्या.

बूट सोडवून आणायला मी परात उचलली. शालिनीताईंनी दुसरी बाजू धरली; त्या परातीतून तुळशीच्या लग्नाचा नैवेद्य झाला होता, ती बाहेर कशी द्यायची? शेवटी जयसिंहरावांनी स्वतःच्या घरातून एक पितळी घंगाळ आणलं, आणि ते आणताना पणजोबांचा उल्लेख केला नाही, यावरून प्रसंग किती गंभीर होता ते कळावं. आम्ही दोघं घंगाळाचा एकेक कान धरून नई सडकेवर बर्तनवालीला शोधत निघालो. लोक वाट देत होते. एकाने विचारलं, "किसके यहाँ शादी है?"

नई सडकेवर कळलं की तिचं नाव रामकली आणि दुपारी ती बाड्यावर बसते. बाडा म्हणजे आमचा महाराज बाड्याचा चौक; तिथे पोस्टाच्या इमारतीजवळ ती सापडली. टोपलीत पातेली, बाजूला जुन्या कपड्यांचं गाठोडं, आणि पायांत, देवाशपथ सांगतो, वनमालेचे बूट. साडी, पायांत पैंजण आणि त्याखाली ते.

जयसिंहराव पुढे झाले. घंगाळ ठेवलं, छाती काढली. "देखो बाई, ये जूते एक वीरांगना के हैं."

"अब मेरे हैं," रामकली म्हणाली. घंगाळ तिने बोटाने वाजवून पाहिलं. "ये बेचना है क्या?"

मी समजावलं, जयसिंहरावांनी समजावलं, बाड्यावरच्या चार रिकाम्या लोकांनीही दोन्ही बाजूंनी समजावलं. ती ऐकेना. "बरसों में पहली बार पैर नहीं दुखे. घंगाल पहन के घूमूँगी क्या?"

तेवढ्यात वनमाला आली. सूनबाईंकडून ऐकून, आमच्या घंगाळाचा माग काढत उन्नतीने तिला शाळेतून थेट स्कूटीवर घालून आणलं होतं, हातात ते नवे बूट. मी मान खाली घातली. मला वाटलं, आता ही माझ्याकडे बघणार. तिने बघितलंच नाही. फुटपाथवर रामकलीशेजारी मांडी घालून बसली आणि विचारलं, "काटते तो नहीं?"

"ना दीदी. बड़े आराम के हैं. पूरा लश्कर घूम आई."

"वही तो!" वनमाला म्हणाली, आणि दोघी हसल्या. मग तिने नवे बूट पुढे केले. "ये ले लो. एकदम नए हैं. वो मुझे दे दो."

रामकलीने नवे बूट चढवले, उठली, डोक्यावर टोपली घेतली, पोस्टाच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आली. बसून नवे बूट काढून वनमालेच्या हातात परत दिले आणि जुने पुन्हा चढवले. "नहीं दीदी. एड़ी में काटते हैं. पुराने ही अच्छे."

"हाँ," वनमाला म्हणाली. "पुराने ही अच्छे होते हैं."

बाईचं म्हणणं शब्दशः वनमालेचंच होतं. उन्नती कुजबुजली, "आई, नवेच घालून जा ना, कुछ नहीं होता." वनमालेने नवे बूट तिच्या हातात ठेवले. मी वनमालेच्या चेहऱ्याकडे बघितलं. वर्षभराची मेहनत, प्रत्येक महिन्यात उठून एकटीने केलेला प्रवास, आणि ते सगळं मी हळद-कुंकू लावून मोरीपाशी ठेवून आलो होतो. मला रडू यायचं बाकी होतं.

"दौड़ना है मुझे," वनमाला रामकलीला म्हणाली. "बाहर देश में. इक्कीस किलोमीटर."

"रोज़?"

"नहीं. एक दिन."

रामकलीने तिच्याकडे आश्चर्याने पाहिलं. "बस एक दिन? तो पहले बतातीं ना!" तिने बंद सोडले, बूट काढले, आपसांत आपटून धूळ झटकली. "ले जाओ. लौटा देना."

असे ते बूट उसने मिळाले. शनिवारी पहाटे कोणी मुहूर्त बघितला नाही, दिशा बघितली नाही, प्रस्थान घरात परत आलं म्हणून शालिनीताईंनी हरकतही घेतली नाही. वनमालेने बूट घातले आणि गेली.

मग तिकडून फोन आला. "झालं हो. पूर्ण झालं. शेवटी चढावर वाटलं होतं बसावं खाली. नाही बसले." मी किती काय बोलायचं ठरवलं होतं. रात्री आरशासमोर सराव केला होता. ऐनवेळी तोंडातून एवढंच निघालं, "जेवलीस का?"

परत आली त्या दिवशी मी स्टेशनवर हार घेऊन उभा. घरी शालिनीताई ओवाळायचं ताट घेऊन बसल्या होत्या, जयसिंहरावांनी भाषण तयार ठेवलं होतं. वनमालेने रिक्षावाल्याला सांगितलं, "पहले बाड़े पे." बाड्यावर मी रिक्षा सोडून दिली आणि बॅग खांद्यावर घेतली.

रामकली जागेवर होती, पायांत फाटकी चप्पल. वनमालेने बूट धुऊन, नवे बंद घालून आणले होते. रामकलीने एकेक उलटा करून तळवा बघितला, जुनं कापड उजेडात धरून बघतात तसा. "एक ही दिन में इतना घिस दिया?"

"चढ़ाई बहुत थी."

"पहली आईं?"

"नहीं. बहुत पीछे."

"पूरा दौड़ीं ना?"

"पूरा," वनमाला म्हणाली, आणि पर्समधून पदक काढून तिच्या हातावर ठेवलं. रामकलीने ते तोललं, नखाने ओरबाडलं, कानाशी धरून वाजवलं. मग फार वाईट वाटल्यासारखं म्हणाली, "दीदी, इसका तो एक चम्मच भी नहीं आएगा."

वनमाला इतकी हसली, इतकी हसली, की डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ते पाणी काही थांबेना. रामकलीने घाबरून तिच्या पाठीवरून हात फिरवला. मी बॅग खांद्यावर घेऊन उभा होतो, काय करावं ते न कळून.

डोळे पुसून वनमाला पदक पर्समध्ये टाकायला लागली. "रख काहे रही हो?" रामकली म्हणाली. तिने ते हिसकावून घेतलं आणि सरळ वनमालेच्या गळ्यात घातलं. "पहन के जाओ. घर तक पहन के जाओ."

वनमालेने एकदा माझ्याकडे पाहिलं, जरा लाजली, आणि निघाली. बाड्याच्या ऐन गर्दीतून, दुकानदार बघतायत, शाळेच्या पोरी "मैम, मैम" करून हाका मारतायत, आणि ही गळ्यात पदक घालून ताठ चालतेय. आमच्या लग्नाच्या मिरवणुकीतही ती इतकी देखणी दिसली नव्हती, आणि हे मी त्याच वेळी, भर बाजारात, मोठ्याने म्हणालो. एका रिक्षावाल्याने विचारलं, "कौन हैं ये?" मी म्हणालो, "मेरी पत्नी हैं. बारह की बारह पूरी की हैं." तेवढ्यात ती बरीच पुढे गेली होती. मी "अगं, हळू!" म्हणून हाक मारली. ती थांबली नाही, आणि तिने थांबू नये असंच मला वाटत होतं.